झेंडीमुंडीचा प्रोग्रॅम: फाशांकडे कमी, गल्ल्याकडे जास्त बघ

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पायथन शिकायला लागून दोन महिने झाले. आमच्याकडे जत्रेत झेंडीमुंडी खेळवतात, तसा खेळ लिहिलाय. सहा चिन्हं, तीन फासे, खेळणाऱ्याकडे सुरुवातीला १०० रुपये. लावलेलं चिन्ह एका फाशावर आलं तर एकपट मिळतं, दोनांवर आलं तर दुप्पट, तिन्हींवर आलं तर तिप्पट. पण थोडा वेळ खेळलं की पैसे वाढतच जातात. मित्र म्हणतो पायथनचं रँडम खराब आहे. चुकतंय कुठे? आणि पुढे हा प्रोग्रॅम सुधारायचा कसा?"

मित्राला सांग, रँडमला दोष देऊ नकोस. वीस-बावीस वर्षं मुलांचे प्रोग्रॅम तपासतोय, आणि पैसे लावायच्या खेळात रँडम खराब निघाल्याचं फार क्वचित पाहिलं. बिघाड जवळपास नेहमी हिशोबात असतो. तुझ्या कोडमधल्या या चार ओळी बघ. इथे वाचायला सोपं जावं म्हणून इफ-एल्सच्या जागी मराठी शब्द आणि आकडे देवनागरीत घातलेत:

जर जुळले > ० :
    पैसे = पैसे + लावले * (जुळले + १)
नाहीतर :
    पैसे = पैसे - लावले

आता पाटावर काय घडतं ते आठव. तू दहाची नोट बदामावर ठेवलीस. ठेवलीस त्या क्षणीच ती तुझ्या खिशातून गेली. फासे उघडले, एक बदाम आला. खेळवणारा तुझ्या नोटेशेजारी आणखी एक दहाची ठेवतो आणि तू दोन्ही उचलतोस. हातात वीस आले, पण त्यातले दहा तुझेच होते. तुझ्या सूत्रातला तो 'अधिक १' म्हणजे ही स्वतःची नोट परत घेणं. गंमत अशी की तुझ्या प्रोग्रॅममध्ये नोट खिशातून बाहेर पडतच नाही, पण जिंकल्यावर परत मात्र येते.

हिशोब दोन पद्धतींनी बरोबर लिहिता येतो. पहिली पद्धत पाटावरची: फासे टाकायच्या आधीच 'पैसे'मधून 'लावले' वजा कर, आणि जिंकल्यास 'लावले गुणिले (जुळले + १)' परत दे. हरल्यावर काहीच करायचं नाही, वजाबाकी आधीच झालीय. दुसरी पद्धत वहीतली: आधी काही वजा करू नकोस, जिंकल्यास 'लावले गुणिले जुळले' मिळव, हरल्यास 'लावले' वजा कर. तुझ्याकडून जिंकल्याचा हिशोब पहिल्या पद्धतीचा झाला आणि हरल्याचा दुसऱ्या पद्धतीचा. मला विचारशील तर नवशिक्याने पहिली पद्धत घ्यावी. पुढे एकाच वेळी दोन-तीन चिन्हांवर पैसे लावायची सोय करशील तेव्हा तीच सांभाळून घेते.

दुरुस्ती झाली की लगेच खेळत बसू नकोस, आधी कागद घे. १०० रुपये आहेत, १० लावले. एकही जुळलं नाही तर ९० उरायला हवेत. एक जुळलं तर ११०, दोन जुळले तर १२०, तीन जुळले तर १३०. हे चार आकडे फाशांशिवाय, नुसत्या हाताने प्रोग्रॅमच्या ओळींमधून फिरवून बघ. तुझ्या जुन्या कोडमध्ये ९०, १२०, १३०, १४० आले असते. कागदावर दोन मिनिटांत दिसलं असतं, पण आपण सगळेच आधी 'रन' दाबतो.

तुझे पैसे नेमके किती वेगाने वाढत होते, ते मोजता येतं. तीन फाशांचे एकूण ६ × ६ × ६ म्हणजे २१६ प्रकार. तुझं चिन्ह एकाही फाशावर नाही असे ५ × ५ × ५ म्हणजे १२५. नेमकं एकावर असे ७५. नेमकं दोनांवर असे १५. तिन्हींवर असा एकच. बेरीज करून बघ, २१६ येते. आता दर वेळी एक रुपया लावून हे २१६ प्रकार एकेकदा खेळलो असं धर. बरोबर नियमाने ७५ रुपये, ३० रुपये आणि ३ रुपये मिळाले, म्हणजे १०८. गेले १२५. एकूण १७ रुपये तोटा. सतरा भागिले २१६, म्हणजे रुपयामागे सुमारे ७.८७ पैसे. जत्रेतल्या माणसाचं पोट याच ७.८७ वर चालतं. कॅसिनोवाले याला हाऊस एज म्हणतात, मी गल्ल्याचा हिस्सा म्हणतो.

तुझ्या चुकलेल्या नियमात हेच २१६ डाव १५० अधिक ४५ अधिक ४ वजा १२५, म्हणजे ७४ रुपये नफा देतात. रुपयामागे चौतीस पैशांहून जास्त. दहा-दहा रुपयांचे पन्नास डाव खेळलास तर सरासरीने १७० रुपये वाढणार. कुठलाही पाटवाला पहिल्याच संध्याकाळी पाट गुंडाळून घरी गेला असता.

मला सांगायचंय ते हेच. या खेळात नशीब एका ओळीत मावतं, बाकी सगळा प्रोग्रॅम म्हणजे गल्ल्याची वही. आणि हिशोब कुठे चुकलाय ते त्या वहीच्या शेवटच्या आकड्यावरून ओळखता येतं, वैद्य नाडी बघतो तसं. +३४ टक्के दिसले की मी कोड न उघडताच सांगतो की लावलेली रक्कम वजा झालेली नाही. याच्या उलट चूकही भरपूर मुलं करतात: रक्कम आधी वजा करतात आणि जिंकल्यावर फक्त 'लावले गुणिले जुळले' देतात, स्वतःची नोट परत द्यायची राहून जाते. मग एक फासा जुळला तरी हातात शून्य फायदा. त्याचा आकडा येतो १५ अधिक २ म्हणजे १७, वजा १२५, म्हणजे २१६ डावांत १०८ रुपये तोटा. बरोबर पन्नास टक्के! वहीत नेमका अर्धा रुपया गायब दिसला की समजायचं, नोट पाटावरच राहिली.

आणखी एक प्रकार. 'जुळले का?' एवढंच तपासायचं, किती जुळले ते मोजायचंच नाही. पायथनमध्ये 'इन' वापरून 'चिन्ह फाशांत आहे का' असं विचारलं की उत्तर फक्त हो किंवा नाही येतं. दोन बदाम आले तरी एकपटच पैसे मिळतात. ७५ अधिक १५ अधिक १ म्हणजे ९१, वजा १२५, म्हणजे ३४ रुपये तोटा, रुपयामागे १५.७ पैसे. मूळ तोट्याच्या बरोब्बर दुप्पट. ही चूक सगळ्यांत लबाड, कारण खेळताना काहीच खटकत नाही. खेळणारा हळूहळू हरतोय, जत्रेतही हरतोच, सगळं ठीक वाटतं. मोजण्यासाठी यादीचं 'काउंट' आहे, ते वापर.

आता सगळ्यांत सुंदर चूक. वर्गात हा खेळ दिला की मी मुलांना आधी विचारतो, तीन फाशांत आपलं चिन्ह यायची शक्यता किती? दहातले आठ जण सांगतात, सहा चिन्हं, तीन फासे, म्हणजे निम्मी. खरं उत्तर ९१ भागिले २१६, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास. तीन फाशांवर तीन वेगवेगळी चिन्हं येतीलच असं आपण मनात गृहीत धरतो, तिथेच फसतो. पण तुझ्या वर्गातल्या कुणीतरी 'रँडम डॉट चॉइसेस'ऐवजी 'रँडम डॉट सँपल' वापरलेलं असेल, बघ. सँपल म्हणजे पिशवीतून चिठ्ठ्या काढणं: एकदा काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. त्यामुळे तीन फाशांवर कधीच दोन बदाम येणार नाहीत. आणि मग शक्यता खरोखरच निम्मी होते! एकपट जिंकणं, एकपट हरणं, गल्ल्याचा हिस्सा शून्य. आठ जणांचं चुकलेलं गणित ज्या जगात खरं ठरतं, ते जग या एका चुकीच्या शब्दाने तयार होतं.

इथून पाटवाल्याचं गुपितही उलगडतं. समजा कुणी सहाही चिन्हांवर एकेक रुपया लावला. तीन वेगळी चिन्हं आली तर तीन रुपये गेले, तीन आले, गल्ल्यात काही नाही. असे २१६ पैकी १२० प्रकार. एका चिन्हाची जोडी आणि तिसरं वेगळं, असे ९० प्रकार. तेव्हा चार चिन्हांवरचे चार रुपये गल्ल्यात, जोडीवाल्याला दोन, दुसऱ्याला एक, गल्ल्याला एक रुपया सुटला. तिन्ही सारखे असे ६ प्रकार, तेव्हा दोन रुपये सुटले. म्हणजे जोडी आली की गर्दी "डबल! डबल!" म्हणून ओरडते आणि त्याच क्षणी पाटवाला कमावत असतो. सँपल वापरलेल्या प्रोग्रॅममध्ये जोडी नाही, म्हणून कमाई नाही.

हा खेळ काही आपल्याच मुलखाचा नाही, हे जाता जाता सांगतो. ब्रिटिश खलाशी मुकुट, नांगर आणि पत्त्यांची चार चिन्हं असलेल्या तीन फाशांनी हेच खेळत. व्हिएतनाममध्ये नववर्षाच्या सणाला भोपळा, खेकडा, कोळंबी, मासा, कोंबडा आणि हरीण अशा चित्रांवर खेळतात. आपल्याकडे झेंडी, मुंडी, बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. चित्रं बदलली तरी १२५, ७५, १५, १ हे आकडे कुठे बदलत नाहीत.

आता प्रोग्रॅमची रचना. तुझं सगळं कोड एकाच मोठ्या व्हाइल लूपमध्ये आहे: विचारणं, फासे, हिशोब, छापणं, सगळं एकत्र कालवलेलं. पहिल्या प्रोग्रॅमला चालतं, माझाही तसाच होता. पण हिशोब वेगळा काढल्याशिवाय तपासता येत नाही. एक छोटं फंक्शन कर, नाव दे 'निकाल'. त्याला दोनच गोष्टी द्यायच्या, किती लावले आणि किती जुळले. ते एकच आकडा परत देईल, खिशात किती फरक पडला तो. त्या फंक्शनमध्ये इनपुट नको, प्रिंट नको, रँडम तर मुळीच नको. पाटावरच्या पद्धतीने चालत असशील तर 'किती परत द्यायचे' असा आकडा परत आला तरी हरकत नाही. फक्त दोनांपैकी एक अर्थ ठरव आणि फंक्शनच्या वर एका ओळीच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेव. दोन महिन्यांनी तूच विसरशील.

हे वेगळं केलंस की मोठी सोय होते. एकात एक असे तीन फॉर लूप लाव, सहाही चिन्हं प्रत्येकात फिरव, २१६ प्रकार तयार होतील. प्रत्येक प्रकारात बदाम किती ते मोज, 'निकाल'ला दे, खिशातल्या फरकाची बेरीज कर. बेरीज उणे १७ आली की हिशोब बरोबर. उणे १७ नाही आली तर वर सांगितलेले आकडे आठव: अधिक ७४ असेल तर नोट बाहेर पडली नाही, उणे १०८ असेल तर परत आली नाही, उणे ३४ असेल तर मोजायचं राहिलं. या तपासणीत नशिबाचा भागच नाही, त्यामुळे 'कदाचित या वेळी तसं आलं असेल' म्हणायला जागा राहत नाही. फाशांची ओळ चुकली असेल तर मात्र ही तपासणी ते पकडणार नाही, कारण ती फासे टाकतच नाही. त्यासाठी प्रोग्रॅम हजारो वेळा स्वतःशीच खेळवायचा.

नळ-दमयंतीची गोष्ट आठवते का? ऋतुपर्ण राजा रथात बसल्या बसल्या बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं किती ते सांगतो, नळ रथ थांबवून मोजून बघतो, आणि मग राजा त्याला फाशांची विद्या देतो. थोडं मोजून पुष्कळाचा अंदाज बांधायची आणि फाशांची विद्या जुन्या लोकांनी एकाच गाठोड्यात बांधली, याचं मला नेहमी नवल वाटतं. आपण आता तेच करणार. एक लाख डाव, दर वेळी एक रुपया, खिसा उणे गेला तरी थांबायचं नाही. अपेक्षा आहे सुमारे ७,८७० रुपये तोट्याची. नेमका तोच आकडा येणार नाही. बहुतेक वेळा ७,१५० ते ८,६०० च्या दरम्यान काहीतरी येईल. तोटा शून्याजवळ आला तर सँपल वापरलंय का ते बघ.

याच ठिकाणी कमी डाव खेळून मुलं फसतात. शंभर डावांत सरासरी तोटा आठ रुपयांचा, पण त्यातला चढउतारच अकरा रुपयांच्या घरात असतो. त्यामुळे शंभर डाव खेळणाऱ्यांतला चार-पाचांत एक जण फायद्यातच उठतो. तोच गावात सांगत फिरतो. आणि प्रोग्रॅमरच्या बाजूने बघितलं तर शंभर डाव खेळून 'माझा प्रोग्रॅम बरोबर आहे' असं काही म्हणता येत नाही.

आता माझी फजिती सांगतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आनंदमेळावा होता, आणि आम्ही संगणकावर फाशांचा स्टॉल लावला. खरे पैसे नव्हते, कुपनांवरचे गुण होते. तेव्हा टर्बो सी, म्हणजे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर, वापरायचो. तिथे रँडमला बी पेरावं लागतं, म्हणजे सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो आणि पुढचे सगळे त्यावरूनच निघतात. त्यासाठी 'रँडमाइझ' नावाची सोय होती आणि ती घड्याळातला सेकंद घेऊन बी पेरते. मी हुशारी केली, प्रत्येक फाशाआधी नव्याने बी पेरलं. म्हटलं, जितकं जास्त पेरू तितकं जास्त नशीब! तीन फासे एका सेकंदाच्या आत पडायचे, तिघांना एकच बी, त्यामुळे तिन्ही फासे कायम सारखे. पहिल्या दहा मिनिटांत स्टॉलवर झुंबड उडाली. तिप्पट, तिप्पट, तिप्पट! आम्हाला वाटलं आता गल्ला बुडणार. प्रत्यक्षात सहापैकी एकदाच लोक जिंकत होते आणि पाचदा हरत होते, ३ वजा ५, म्हणजे दर सहा डावांत दोनचा तोटा, तेहतीस टक्के. ओरडा जिंकणाऱ्यांचा होता, गुण आमचे वाढत होते. इतके वाढले की गल्ल्याचा आकडा ३२,७६७ च्या पुढे गेला आणि पडद्यावर एकदम उणे बत्तीस हजार झाला. टर्बो सीमध्ये साधा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटचा असतो, तो तिथे उलटा फिरतो. आमचे एक प्राध्यापक शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "दिवाळं निघालं वाटतं." पायथनमध्ये इंट कितीही मोठा होऊ शकतो, तेवढी तुझी काळजी मिटली. बी पेरायचंही तुझ्यावर नाही, पायथन सुरू होताना स्वतः पेरतं. तपासताना दर वेळी तेच फासे हवे असतील तरच 'सीड' वापर, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच. फासे टाकायची ओळ चुकून लूपच्या बाहेर राहिली तरी दर डावाला तेच फासे दिसतात, तेही एकदा बघून घे.

इनपुटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुझ्या कोडमध्ये खेळणाऱ्याने काहीही टंकलं तरी ते चालवून घेतलंय. पहिली गोष्ट, पायथनचं 'इनपुट' नेहमी अक्षरं देतं, आकडा नाही. "१०" या अक्षरांना तिनाने गुणलं तर तीस येत नाही, "१०१०१०" येतं. तू 'इंट' लावलंस, छान. दुसरी गोष्ट तुला आवडेल: 'इंट'ला देवनागरी अंक कळतात. मराठी कीबोर्डवरून कुणी ५० टंकलं तरी त्याचा बरोबर पन्नास होतो. कोडमध्ये मात्र आकडे देवनागरीत लिहू नकोस, तिथे पायथन अडून बसतं. नावांचं उलट आहे. 'पैसे', 'लावले', 'जुळले' अशी व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. नोकरीच्या ठिकाणी कुणी तसं लिहिणार नाही, पण शिकताना मला त्यात काही वावगं वाटत नाही. 'लावले' आणि 'जुळले' वाचताना डोकं आपोआप पाटावर राहतं.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. हिशोब दुरुस्त केल्यावरही तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुणी उणे ५०० लावले तर? हरल्यावर उणे ५०० वजा होणार, म्हणजे ५०० वाढणार. आणि हरायची शक्यता जास्त, म्हणून हा खेळणारा बसून श्रीमंत होणार. आमच्या स्टॉलवर हे शोधणारा मित्र आज बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचंच काम करतो. रक्कम एकपेक्षा कमी नको आणि खिशातल्या पैशांपेक्षा जास्त नको, दोन्ही तपास. अंक आहेत की नाहीत हे बघायला मुलं 'इजडिजिट' वापरतात. ते उणे चिन्ह नाकारतं, पण वर्गाचा छोटा २ वगैरे अंक आहे असं म्हणून आत सोडतं आणि मग 'इंट' कोसळतं. त्यापेक्षा 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' वापर. 'इंट' करून बघायचं, जमलं नाही तर पुन्हा विचारायचं.

चिन्हाचं नाव टंकायला सांगू नकोस. इस्पिक, इस्पीक, ईस्पिक, आपल्याकडे एका शब्दाची तीन रूपं सहज निघतात आणि संगणकाला ती तीन वेगळी चिन्हं वाटतात. एक ते सहा आकडे दे. पडद्यावर नावं दाखव, आत आकडे वापर.

हे सगळं जमलं की एकाच डावात अनेक चिन्हांवर पैसे लावायची सोय कर. एक डिक्शनरी घे: चिन्ह आणि त्यावरची रक्कम. इथे नवा खड्डा असा की मुलं प्रत्येक रक्कम वेगळी तपासतात. खिशात १०० आहेत, बदामावर ८० चालतात, झेंडीवर ८० चालतात, आणि एकूण १६० लावले गेले. बेरीज तपासायची. लावताक्षणी खिशातून वजा करायची पहिली पद्धत घेतली असशील, तर हा खड्डा आपोआप बुजतो, कारण दुसरे ८० लावायला खिशात २० च उरलेले असतात. म्हणून तीच पद्धत घे म्हटलं होतं.

रँडम खराब नाही म्हटलं, त्याला एक पुस्ती जोडतो. पायथनचं रँडम ज्यावर चालतं ती मर्सेन ट्विस्टर पद्धत माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागणारी संख्या सहा हजार अंकी आहे. खेळायला उत्तम. पण तिच्यातून लागोपाठ निघालेले ३२ बिटांचे ६२४ आकडे कुणाला मिळाले तर पुढचे सगळे सांगता येतात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही अभियंत्यांनी एका ऑनलाइन पोकर खेळाचं पत्ते पिसणं बी ओळखून उघडं पाडलं. तिथलं बी मध्यरात्रीपासून गेलेल्या मिलिसेकंदांचं होतं. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच, आणि बावन्न पत्त्यांच्या मांडण्या म्हणजे आठवर सदुसष्ट शून्यं. घड्याळ जुळवून त्यांनी शक्यता दोन लाखांवर आणल्या आणि आपले दोन व सगळ्यांसमोर मांडलेले तीन असे पाच पत्ते दिसले की बाकीच्यांचे सांगू लागले. अशी जोखीम असेल तिथे पायथनमध्ये 'सीक्रेट्स' हे मॉड्यूल आहे, ३.६ आवृत्तीपासून. तुझ्या खेळाला त्याची गरज नाही.

आणि नसावीच. मित्रांना खेळायला देशील तेव्हा गुण ठेव, चिंचोके ठेव, पण रुपये आणू नकोस. महाराष्ट्रात जुगाराला १८८७ चा कायदा लागतो, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केलाय. यात 'आम्ही फक्त प्रोग्रॅम लिहिला' हे उत्तर पुरत नाही.

आता तुला काम देतो. काही ठिकाणी सहा फासे टाकतात आणि किमान दोन जुळल्याशिवाय पैसे देत नाहीत. समजा दोन जुळले तर दुप्पट, तीन तर तिप्पट, असं सहापर्यंत, आणि शून्य किंवा एक जुळलं तर लावलेले गेले. तुझ्या 'निकाल' फंक्शनमध्ये एकच अट बदलावी लागेल, आणि तीनऐवजी सहा फॉर लूप. ४६,६५६ प्रकार होतात, संगणकाला ते क्षणाचं काम आहे. लूप चालवायच्या आधी कागदावर अंदाज लिही, गल्ल्याचा हिस्सा ७.८७ पेक्षा वाढेल की घटेल. मग चालव. बेरीज उणे ६,४६९ यायला हवी. वेगळीच बेरीज दिसली, तर अट दोनपेक्षा मोठी की दोन किंवा मोठी, आणि त्याखालच्या ओळीचं इंडेंटेशन (ओळीआधी सोडलेली जागा), एवढं बघून मग मला विचार.